मयताच्या घरी दिलेला पासवर्ड

पंपघरातल्या डबीत एकच खातं होतं. खात्याचं नाव 'पाणी'. त्या नावाला सगळे अधिकार होते. आळीची लाइन उघडणं, बंद करणं, पंप चालू करणं, आणि विहिरीत पाणी कमी आहे म्हणून डबीने थांबवलेला पंप पुन्हा चालू करणं, हे सगळं त्या एका नावाने व्हायचं. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्या नावाने कोणीतरी पंप कोरडा चालवला. मोटर जळली. गावाच्या चार आळ्यांना अकरा दिवस नळाचं पाणी नव्हतं.

डबी म्हणजे तळहाताएवढा संगणक. स्टार्टरच्या पेटीशेजारी भिंतीवर स्क्रूने बसवलेला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. आत एक सिमकार्ड आहे, त्यामुळे फोनवर त्याचं पान कुठूनही उघडतं. नाव आणि पासवर्ड घातला की चार आळ्यांची चार बटणं दिसतात. योजना बसवून देणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने खातं बनवलं, पासवर्ड कागदावर लिहून पाणीवाल्याच्या हातात दिला आणि तो गेला. त्यानंतर तीन वर्षं डबीत कोणी काही बदललं नाही.

पाणीवाला म्हणजे गावचा व्हॉल्व्हमन. डबी येण्याआधी सतरा वर्षं तो लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवत आळीआळीने पाणी सोडत होता. मी त्याला काका म्हणते. मोटर जळली त्या दुपारी काका अलिबागला डोळे तपासायला गेले होते. त्यांच्याबरोबर गेलेला, दिवसभर शेजारी असलेला माणूस पाणी समितीतलाच होता. त्यामुळे पंप काकांनी चालवला असं कोणीच म्हणत नव्हतं. समितीचं म्हणणं वेगळं होतं. पासवर्ड काकांच्या ताब्यात होता आणि त्यांनी तो वाटला. कोणाकोणाला दिला ती नावं त्यांनी सांगावीत, नाहीतर काम सोडावं. त्यासाठी पुढच्या बैठकीपर्यंतची मुदत दिली होती. काका नावं सांगत नव्हते.

ही मुदत दिली त्याच बैठकीत मला दोन कामं नेमून दिली गेली. प्रत्येक माणसाचं वेगळं खातं बनवून कोणाला काय करता येईल ते ठरवायचं, आणि जुन्या नोंदी वाचून रविवारचा माणूस शोधायचा.

मी तेवीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आवृत्ती बंद झाली तेव्हा गावी भावाच्या घरी आले. भाऊ उरणला ट्रकवर असतो, आठवड्यातून एकदा येतो. घरात वहिनी आणि मी. डेस्कवर शेवटची काही वर्षं पानं लावायच्या प्रणालीतली खाती माझ्याकडे होती. कोणाला कोणतं पान दिसेल, कोण दुरुस्त करेल, कोण छपाईला सोडेल, हे मी ठरवायचे, कारण ते काम दुसरं कोणी घेत नव्हतं. गावाला एवढं पुरलं.

"ताई, तुम्ही पेपरात होतात," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "आता आमच्यातलीच एक बातमी काढा."

समुद्राकडच्या आळीत अध्यक्षांच्या भाड्याने द्यायच्या चार खोल्या आहेत. काशीदला जागा मिळाली नाही की पर्यटक त्यांच्याकडे येतात. रविवारी पाणी कोणाला लागलं असेल याबद्दल गावात जे बोललं जात होतं ते त्यांच्या कानावर गेलं नसेल असं नाही. मी म्हटलं, खाती बनवते, बातमीचं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपघरात गेले. काका नव्या मोटरशेजारी उपड्या बादलीवर बसले होते. त्यांचा डावा डोळा लाल होता.

"काका, हा पासवर्ड किती जणांकडे आहे?"

"मोजला न्हाय."

"अंदाजे?"

"तू पेपरवाली. पेपरात अंदाज लिवायचीस काय?"

"नावं नकोत. नुसता आकडा सांगा."

"आकडा सांगितला की नावं निगतात. गाव केवढा हाय आपला."

मी डबीचं पान उघडून माझं काम सुरू केलं. ते फोनच्या पडद्याकडे बघत राहिले. मग स्वतःहून बोलले.

"घरात मयत झाला की पानी लागतं, बाय. मयताला आंघोळ, जाऊन आल्यावर सगल्यांना आंघोळ, मग घर धुवायचं, कपडे धुवायचे. त्या घरच्या मानसानं पाळी कधी हाय ते बघायचं? मना शोधत फिरायचं? पयले मी चावी घेऊन जायचो. डबी आली तशी चिठ्ठी द्यायला लागलो. घ्या, तुमची लाइन उघडा, पुरं झालं की बंद करा."

"आणि चिठ्ठी परत कधी घ्यायचात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मयताच्या घरी गेलेली कळशी कोन परत मागतो?"

हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे मयत झालेल्या घरी शेजारचे चटया, बादल्या, हंडे नेऊन देतात. ती भांडी कोणी परत मागत नाही. त्या घराने आणून दिली तर घ्यायची. मागायला जाणं म्हणजे तुमचं दुःख आता पुरे झालं, असं दारात उभं राहून सांगणं. आमच्या मोरीत दोन हंडे आहेत, त्यांच्यावर दुसऱ्या घरांची नावं कोरलेली आहेत. आई गेल्याला तेव्हा चौदा महिने झाले होते.

"मग पासवर्ड बदलायचा होता," मी म्हटलं.

"बदलला म्हंजे मागितलाच ना."

मी वहीत लिहिलं: पासवर्ड तीन वर्षांत एकदाही बदललेला नाही. खाली कारण लिहिलं. दोन ओळींत बसलं.

पुढचे तीन दिवस खाती बनवण्यात गेले. मी तीन गट केले. पहिला बघणाऱ्यांचा: पाणी कोणत्या आळीला चालू आहे, टाकीत किती आहे, एवढंच दिसेल. दुसरा चालवणाऱ्यांचा: पाळीप्रमाणे लाइन उघडता येईल. तिसरा सांभाळणाऱ्यांचा: पाळी मोडणं, थांबलेला पंप चालू करणं, नवी खाती बनवणं. माणसाला गटात घातलं की गटाचे अधिकार त्याला मिळतात, गटातून काढलं की जातात. एकेकाचे अधिकार वेगळे लिहीत बसावं लागत नाही. डेस्कवरही असंच होतं.

गावात ग्रुप म्हटल्यावर लोकांनी फोनवरचा ग्रुप धरला. येता-जाता "आम्हाला पण घे" म्हणून सांगायचे. कोळवाड्यातल्या एका काकूंना बघणाऱ्यांच्या गटात घातलं. दोन दिवसांनी त्यांनी मला बाजारात अडवलं.

"ग्रुपात घेतलंस खरं, पन एक पन मेसेज येत न्हाय."

"काकू, त्यात मेसेज येत नाहीत. टाकीत पाणी किती ते दिसतं."

"त्ये मना टाकीवर चढून पन दिसतं," त्या म्हणाल्या आणि पापलेटवाल्याकडे वळल्या.

जुन्या नोंदी मी शेवटी ठेवल्या होत्या. डबी प्रत्येक कामाची एक ओळ लिहिते. दिवस, वेळ, खात्याचं नाव, कोणती लाइन, उघडली की बंद केली. तीन वर्षांच्या सगळ्या ओळींत खात्याचं नाव एकच होतं. माणसापर्यंत जायचा त्यात रस्ता नव्हता. पाळी सोडून उघडलेल्या लाइनी तेवढ्या वेगळ्या काढल्या. त्या फार नव्हत्या, वहीची दोन पानं भरली.

पहिल्या पानाच्या मध्यावर एक तारीख आली. सकाळी सात वाजून पाच मिनिटं. मधली आळी. उघडली. ती आई गेली त्या दिवसाची तारीख होती.

ती सकाळ मला आठवत होती. आईला ओटीवर ठेवलं होतं, बायका जमत होत्या, आणि मोरीतल्या नळाला पाणी आलं. आमची पाळी संध्याकाळची असते. त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोणीतरी "पाणी आलं, भरा" म्हणालं आणि मी बादली लावली.

त्यानंतर यादी वाचायला सोपी गेली. दर दोन-तीन महिन्यांनी एक सकाळ, एक आळी, दोन-तीन तास पाणी, आणि पुढे दहाव्या-बाराव्या दिवशी तीच आळी पुन्हा. शेजारी गावातल्या मयतांची नावं लिहीत गेले. जवळजवळ सगळ्या ओळींना नाव मिळालं. काकांनी कोणाला पासवर्ड दिला ते मला आता कळलं होतं. गेल्या तीन वर्षांत ज्या घरात माणूस गेला त्या प्रत्येक घराला. त्यात अध्यक्षांचंही घर होतं. त्यांचे वडील आईच्या वर्षभर आधी गेले.

रविवारची ओळ शेवटची होती. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लाइन उघडली. समुद्राकडची नाही. मधली आळी.

मधल्या आळीत तीन वर्षांत एकच मयत झालं होतं.

डेस्कवरच्या नोकरीने मला एक सवय लावली आहे. रोज दोन-तीन ओळी लिहून ठेवते. त्यात मत नसतं, काय झालं तेवढं असतं. त्या रविवारचं पान काढलं. लिहिलं होतं: दुपारी अचानक पाणी आलं. आईच्या सहाही गोधड्या धुतल्या. दोऱ्या पुरल्या नाहीत, दोन कुंपणावर टाकल्या. मोटर जळल्याचं कळलं तेव्हा या दोन गोष्टी मी जोडून पाहिल्या नव्हत्या.

वहिनी मागच्या पडवीत कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. मी विचारलं. तिने हात थांबवले नाहीत.

"वन्सं, तुम्हीच म्हणत होतात ना. आईंच्या गोधड्या वर्षभर तशाच बांधून ठेवल्यात, पावसाआधी धुवून व्हायला हव्यात. चार वेळा म्हणालात. संध्याकाळच्या पाळीच्या पाण्यात सहा गोधड्या होतात का?"

"पासवर्ड कुठे होता?"

"काकांनी तेव्हा चिठ्ठी दिली होती. पिठाच्या डब्यात ठेवलेय."

"पंप थांबला तेव्हा डबीने काहीतरी विचारलं असेल."

"विचारलं. विहिरीत पाणी कमी आहे, तरी चालू ठेवायचं का. मी हो दाबलं." कोलमातली एक काडी तिने बोटाने उडवली. "फोन रोज काहीतरी विचारतो. हो म्हटल्याशिवाय पुढे जातो कुठे तो?"

मग तिने विचारलं, "आता काकांना काढतील?"

मी म्हटलं, नाव सांगितलं नाही तर काढतील.

"मग सांगा," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "ह्यांना आधी फोन करते."

चिठ्ठी मी पाहिली. कॅलेंडरच्या पानाच्या मागे काकांचं मोठं, वाकडं अक्षर. पासवर्ड, आणि खाली: पुरं झालं की बंद करावी. पिठाने ती पांढरी झाली होती.

बैठकीच्या आदल्या सकाळी पंपघरात गेले. काकांना मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "गोधड्या वाळल्या काय?"

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अलिबागहून परत येताना एसटीच्या खिडकीतून त्यांना आमच्या कुंपणावरच्या ओल्या गोधड्या दिसल्या होत्या. डाव्या डोळ्यात औषध होतं, तरी उजव्याने दिसल्या, असं ते म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुलाच शोधायला सांगितलेला. तुला काय सांगायचा?"

"उद्या मी सांगणार आहे."

"कशाला? मयताच्या घराचा नाव असा चार मानसात घ्यायचा नस्तो. मी जातो. डोला तसा पन गेलाच हाय."

"तुम्ही गेलात तर डबीकडे कोण बघणार?"

"तू हायस ना," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही.

घरी येताना जुनी एक गोष्ट आठवली. डेस्कवर एकदा एका पानावर चुकीच्या माणसाच्या फोटोखाली मृत्यूची बातमी गेली. पान ज्याच्या खात्यातून सुटलं होतं तो सहकारी त्या दिवशी रजेवर होता. त्याचा पासवर्ड त्याच्या कीबोर्डखाली कागदावर असायचा आणि आम्ही सगळे घाईत तोच वापरायचो. खुलासा त्याच्याकडे मागितला गेला. पान कोणी सोडलं ते मी शेजारी बसून पाहिलं होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याची बदली झाली. खाती सांभाळायचं काम त्यानंतर माझ्याकडे आलं.

बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सकाळी दहाला होती. सुरू अकराला झाली. समितीचे सात जण, दारात उभे असलेले दहा-बारा, आणि मागच्या खुर्चीवर काका. अध्यक्षांनी काकांना विचारलं, नावं सांगणार का. काका म्हणाले, न्हाय. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कागद वाचून दाखवला. चार वाक्यं होती. रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मधल्या आळीची लाइन आमच्या घरातून उघडली गेली. डबीने थांबवलेला पंप आमच्याच घरातून पुन्हा चालू केला गेला. ते पाणी मी वापरलं. पासवर्ड आमच्या घरी आई गेली त्या दिवशी आला होता.

वहिनीचं नाव मी लिहिलं नव्हतं. हॉलमधल्या सगळ्यांना ते न सांगता कळलं होतं.

"म्हंजे पोलीसच चोर निगाला," दारातला एकजण म्हणाला. चार लोक हसले.

"गोधड्याच धुवायच्या होत्या तर खाडीवर न्यायच्यास," दुसरा म्हणाला.

"खाऱ्या पाण्यात धुतात काय गोधड्या? बायकोला विचार जरा," कोळवाड्यातल्या काकू दारातून म्हणाल्या.

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "ताई, आणखी कोणाकोणाकडे आहे तो पासवर्ड? नोंदीत असेल ना सगळं."

यादी माझ्या पिशवीत होती. मी म्हटलं, जुनं खातं काल संध्याकाळी बंद केलंय. तो पासवर्ड आता कोणाकडेही असला तरी चालत नाही. रविवारच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंय.

ते समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला लागले. पुन्हा विचारलं नाही.

नव्या मोटरच्या खर्चाचं भावाने बैठकीआधीच अध्यक्षांशी बोलून मिटवलं होतं. काकांचं काय, यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की काका कामावर राहतील, पण चालवणाऱ्यांच्या गटात. पाळी मोडायचा अधिकार त्यांना नाही. सांभाळणाऱ्यांच्या गटात मी एकटी असेन.

"तुम्हाला आता चांगलंच कळलंय ना काय होतं ते," अध्यक्ष म्हणाले. याला कोणी हसलं नाही.

काका उठून उभे राहिले. "मना ठेवलात त्ये बरं झालं. पन उद्या कुनाकडे मयत झाला तर?"

"ते ताई बघतील," अध्यक्ष म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय टाकी धुण्याचा होता.

त्या आठवड्यात मी चौथा गट केला. त्या गटातल्या माणसाला फक्त आपल्या आळीची लाइन उघडता येते, कोणत्याही वेळी. थांबलेला पंप चालू करता येत नाही. डबी त्याला ते विचारतच नाही. खातं बनवताना त्याची शेवटची तारीख घालता येते, ती मी तेराव्या दिवसाची घालते. त्या दिवसानंतर खातं आपोआप बंद होतं. गटाला काय नाव द्यायचं ते काकांना विचारलं. ते म्हणाले, नाव घालू नकोस. डबी नाव घातल्याशिवाय गट बनवू देत नाही. मी 'चौथा' लिहिलं.

जुलैपासून आतापर्यंत काका पाच वेळा आले. ओटीवर चढत नाहीत, पायरीशी उभे राहतात. घर सांगतात, आळी सांगतात. मी खातं बनवते, पासवर्ड कागदावर लिहून देते. एकदा मला ताप होता. वहिनीने त्यांना दुपारी या म्हणून सांगितलं, तर ते पायरीवर बसून राहिले. शेवटी अंथरुणातूनच खातं बनवलं. एकदा मी पनवेलला होते, बस स्टँडवर उभी राहून बनवलं. हे काम सोडावं असं मनात येतं. कोणाला द्यायचं ते कळत नाही. अध्यक्षांना दोनदा सांगितलं, ते बघू म्हणाले.

पाचव्या वेळी त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. कागद त्यांनी डोळ्याजवळ नेला, मग घडी करून खिशात ठेवला.

"तेराव्याला आपोआप जातं ना?"

हे ते दर वेळी विचारतात. मी म्हटलं, जातं.

"मागायला जायला नको."

"नको."

"मग झालं," ते म्हणाले. आमच्या मोरीतले दोन हंडे वहिनीने घासून दाराशी आणून ठेवले होते. त्या बाजूला जाताय तर नेता का, असं तिने विचारलं. काकांनी एकेका हंड्यावरचं नाव बोटाने चाचपून वाचलं आणि दोन्ही उचलले.